पगाराची रेषा : डॉडी वेअर आणि स्कॉटिश रग्बीचे व्यावसायिक युग

१/
११ जून १९९५. दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया. रग्बी विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात स्कॉटलंडचा साडेसहा फूट उंचीचा एक खेळाडू बलाढ्य न्यूझीलंडविरुद्ध दोन ट्राय करतो. संघ ३०-४८ असा हरतो. या सामन्याबद्दल त्या खेळाडूला वेतन मिळाले नाही. नियमानुसार ते त्याला स्वीकारताच आले नसते. अडीच महिन्यांत तो नियम इतिहासजमा झाला. आजचा धागा त्या खेळाडूविषयी, डॉडी वेअरविषयी, आणि त्याच्या कारकिर्दीच्या मधोमध आखल्या गेलेल्या पगाराच्या रेषेविषयी.

२/
एखाद्या खेळाडूची कारकीर्द आपण सहसा विक्रमांची यादी म्हणून वाचतो. परंतु तीच कारकीर्द सामाजिक इतिहासाचे साधन म्हणूनही वाचता येते. वेअर अर्धा काळ हौशी खेळाडू होता आणि अर्धा काळ पगारी. माणूस तोच, खेळ तोच, फक्त व्यवहार बदलला. म्हणूनच त्याच्या आयुष्याला एक नेमका प्रश्न विचारता येतो : खेळात पगार आला, तेव्हा कोणाच्या पदरात काय पडले आणि कोणाच्या हातून काय निसटले?

३/
प्रश्न जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इंग्लंडमधील गिरणी आणि खाण कामगार रग्बी खेळत. शनिवारी सामना असला की त्यांचा रोज बुडे. बुडालेला रोज क्लबने भरून द्यावा, एवढीच मागणी होती. दक्षिणेतील सुखवस्तू मंडळींच्या हातातील महासंघाने ती फेटाळली. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांनी वेगळी चूल मांडली. त्यातूनच पुढे तेरा खेळाडूंची 'रग्बी लीग' उभी राहिली. पंधरा खेळाडूंची 'रग्बी युनियन' मात्र हौशीच राहिली.

४/
स्कॉटलंडचा महासंघ या हौशी तत्त्वाच्या अत्यंत कट्टर रक्षकांपैकी एक होता. आत्मचरित्राचे मानधन घेतले तरी खेळाडू 'व्यावसायिक' ठरे, आणि त्या काळी हा शब्द जवळजवळ दूषणासारखा वापरला जाई. लीगमध्ये गेलेल्यास परतीचा मार्ग नसे. केल्सो गावचा अॅलन टेट १९८८ मध्ये विडनेस या लीग क्लबकडे गेला आणि स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाची दारे त्याच्यासाठी बंद झाली. हे नाव लक्षात ठेवा. ते पुढे पुन्हा येणार आहे.

५/
आता भूगोल. इंग्लंडच्या सीमेलगतच्या दक्षिण स्कॉटलंडला 'बॉर्डर्स' म्हणतात. हॉइक, गॅलाशील्स, मेलरोज, केल्सो, जेडबरा, सेलकर्क ही लोकरीच्या गिरण्यांची आणि मेंढपाळीची छोटी गावे. स्कॉटलंडमध्ये इतरत्र रग्बी हा मुख्यतः खासगी शाळांचा खेळ. येथे मात्र तो गावाचा. सात खेळाडूंच्या रग्बीचा जन्मही मेलरोजचाच. १८८३ मध्ये क्लबला पैशांची चणचण भासली, तेव्हा नेड हेग या खाटिकाने ही कल्पना सुचवली. तोच प्रकार आज ऑलिम्पिकमध्ये खेळला जातो.

६/
या परंपरेत भारताचाही एक धागा गुंफलेला आहे. १८७० च्या दशकात कलकत्त्यातील इंग्रज-स्कॉटिश मंडळींनी रग्बीचा क्लब काढला. काही वर्षांत खेळाडू आटले आणि क्लब बंद पडला. सभासदांनी बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून ती वितळवली आणि तिचा चषक घडवला : तीन नागांच्या मुठी, झाकणावर हत्ती. हाच 'कलकत्ता कप'. १८७९ पासून स्कॉटलंड आणि इंग्लंड त्यासाठी झुंजतात. क्लब संपला, पण त्याची गंगाजळी अशा रूपाने टिकली. क्लब संपल्यावर मागे काय उरते, हा प्रश्न पुढे बॉर्डर्सलाही पडणार होता.

७/
डॉडी वेअरचा जन्म ४ जुलै १९७० रोजी एडिनबरा येथे झाला. घर शेतकऱ्याचे, बॉर्डर्समधील स्टो गावाजवळचे. त्याने एडिनबरातील स्टुअर्ट्स मेलव्हिल या शाळेत आणि पुढे कृषी महाविद्यालयात शिक्षण घेतले. पाळणा शेतीचा, शाळा शहरी, खेळ गावचा, असे हे मिश्रण होते. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघातून सुरुवात करून तो मेलरोजकडे आला आणि तेथे घडला.

८/
त्याची जागा 'लॉक'ची. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ खेळाडू एकमेकांना भिडून रेटतात तेव्हा, लॉक दुसऱ्या फळीतून सगळा जोर लावतो. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की तो दोन रांगांच्या मधून आत फेकला जातो. त्याला लाइनआउट म्हणतात. तेथे उंच झेप घेऊन चेंडू मिळवणे हेही लॉकचेच काम. ही कष्टाची जागा, टाळ्यांची नव्हे. वेअर मात्र चेंडू घेऊन लांबलांब ढांगांनी धावतही सुटे. हॉइकचे विख्यात समालोचक बिल मॅकलॅरेन यांना त्या धावण्यात बिथरलेला जिराफ दिसला, आणि ती उपमा त्याला आयुष्यभर चिकटली.

९/
मेलरोजला त्याला गुरू लाभले ते जिम टेलफर. पेशाने शिक्षक, शाळेचे मुख्याध्यापक राहिलेले, शिस्तीचे अत्यंत कडक. त्यांच्या पिढीतील इतरांप्रमाणे तेही दिवसा नोकरी करून संध्याकाळी प्रशिक्षण देत. १९९० ते १९९७ या काळात मेलरोजने स्कॉटिश क्लब अजिंक्यपद सहा वेळा जिंकले. लहानशा गावाने एडिनबरा-ग्लासगोच्या क्लबांना मागे टाकले, आणि तेही एकाही पगारी खेळाडूच्या आधाराविना मिळवलेल्या पायावर.

१०/
१० नोव्हेंबर १९९० रोजी मरेफील्डवर अर्जेंटिनाविरुद्ध वेअरने राष्ट्रीय संघात पदार्पण केले. वय वीस. पुढच्याच वर्षी विश्वचषक. स्कॉटलंड उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला आणि आपल्याच मैदानावर इंग्लंडकडून ६-९ असा हरला. त्या दशकात इंग्लंड हे स्कॉटलंडचे कायमचे दुखणे होते. १९९१ ते १९९९ या सलग मोसमांत कलकत्ता कप एकदाही उत्तरेकडे आला नाही. हरण्याचा हा काळही वेअरच्या कारकिर्दीचा भाग आहे.

११/
हौशी काळाचा ताळेबंद येथे मांडू. खेळाडू आठवडाभर शेतात, गिरणीत, ट्रकवर. वेअरचा सहकारी, जेडबराचा गॅरी आर्मस्ट्राँग लॉरी चालवत असे. संध्याकाळी सराव, शनिवारी सामना, सोमवारी सुजलेल्या गुडघ्यासह पुन्हा काम. प्रवेशशुल्क आणि दूरचित्रवाणीचा पैसा महासंघाकडे जाई. मान आणि मैत्री खेळाडूकडे. गावाला मिळे ती अभिमानाची शनिवारची दुपार. हौशी काळाची गोड वर्णने आपण वाचतो, तेव्हा त्या दुपारचा खर्च खेळाडूचे घर सोसत होते, हे विसरू नये.

१२/
१९९५ च्या उन्हाळ्यात हे सारे कोसळले. २३ जून रोजी, विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या महासंघांनी रूपर्ट मरडॉक यांच्या कंपनीशी केलेला प्रक्षेपणाचा करार जाहीर केला : दहा वर्षे, ५५ कोटी डॉलर. दुसरीकडे केरी पॅकर यांचे पाठबळ लाभलेला एक प्रतिस्पर्धी गट खेळाडूंशी परस्पर बोलणी करत होता. क्रिकेटच्या वाचकांना हे नाव नवे नाही. १९७७ मध्ये ज्यांनी क्रिकेट हादरवले, तेच हे पॅकर.

१३/
एवढा पैसा दारात उभा असताना खेळाडूला हौशी म्हणणे अशक्य झाले. ऑगस्टच्या अखेरीस पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाने रग्बी युनियन 'खुली' केली. हडर्सफील्डच्या त्या बैठकीला शंभर वर्षे पूर्ण होण्यास जेमतेम दोन-तीन दिवस उरले होते. कामगारांची बुडालेल्या रोजाची मागणी शतकभर नाकारली गेली होती. उपग्रह वाहिन्यांचा पैसा आल्यावर काही आठवड्यांत सर्व तत्त्वे वितळली. हौशी तत्त्व युक्तिवादाने हरले नाही, ते बाजारभावाने हरले.

१४/
पहिली हालचाल सीमेपलीकडून झाली. न्यूकॅसल युनायटेड या फुटबॉल क्लबचे सर्वेसर्वा सर जॉन हॉल यांनी शहरातील रग्बी क्लब विकत घेतला आणि इंग्लंडचा रॉब अँड्र्यू याला संघबांधणीचे काम दिले. क्लब तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता. अँड्र्यूने ज्यांना करारबद्ध केले त्यांत वेअर होता, आर्मस्ट्राँग होता. लीगमधून परतलेला अॅलन टेटही होता. मेलरोजहून न्यूकॅसल शंभरेक किलोमीटर. अंतर फार नव्हते. परंतु या प्रवासात वेअर हौशी खेळाडूचा कर्मचारी झाला.

१५/
खेळाडू म्हणून त्याचे भले झाले, हे निःसंशय. खेळ हाच दिवसाचा व्यवसाय झाला. वैद्यकीय देखभाल, व्यायाम, विश्रांती ही आता चैन उरली नाही. १९९७-९८ मध्ये, वरच्या श्रेणीत आल्यावर पहिल्याच मोसमात, न्यूकॅसलने सारासेन्सला एका गुणाने मागे टाकून इंग्लंडचे अजिंक्यपद पटकावले. टेटलाही न्याय मिळाला : १९९७ मध्ये तो पुन्हा स्कॉटलंडकडून खेळला. नऊ वर्षांपूर्वीचा 'गुन्हा' आता कोणाला आठवतही नव्हता.

१६/
त्याच वर्षी वेअरची निवड ब्रिटिश लायन्स संघात झाली. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड येथील निवडक खेळाडूंचा हा संघ चार वर्षांतून एकदा दौऱ्यावर जातो. या निवडीहून मोठा सन्मान तेथील खेळाडूला नाही. १९९७ चा दक्षिण आफ्रिका दौरा लायन्सचा व्यावसायिक युगातील पहिला दौरा होता. पुढच्या फळीचे प्रशिक्षक होते मेलरोजचेच जिम टेलफर. वेअर उत्तम खेळत होता आणि कसोटी संघातील स्थान आवाक्यात होते.

१७/
२८ मे १९९७. विटबँक येथे म्पुमलांगा संघाविरुद्धचा सामना. चेंडूपासून दूर असताना एका प्रतिस्पर्ध्याने वेअरच्या गुडघ्यावर बाजूने लाथ हाणली. अस्थिबंध फाटले. दौरा तेथेच संपला. संघासोबत फिरणाऱ्या चित्रपट पथकाने, डॉक्टर त्याला ही बातमी सांगतात तो क्षणही टिपला, आणि तो पुढे रग्बीप्रेमींच्या स्मरणात कायमचा राहिला. लायन्सने मालिका २-१ ने जिंकली. पहिल्या कसोटीत टेटने ट्राय केला. वेअर तेव्हा घरी होता.

१८/
गुडघा बरा करून तो परतला, पुन्हा न्यूकॅसल आणि स्कॉटलंडकडून खेळला. मात्र या प्रसंगातून पगारी खेळाचे एक सत्य उघड होते. हौशी खेळाडूचे शरीर जखमी झाले, तर त्याचे काम बुडे. पगारी खेळाडूचे शरीर हेच त्याचे काम असते. त्याचे मोल करारात लिहिलेले असते आणि म्हणूनच त्यावर हक्क सांगणारे अनेक असतात. खेळाडू जड झाले, वेगवान झाले, धडका वाढल्या. शरीराने दिलेल्या पैशाची नोंद करारात होती. शरीरावर चढणाऱ्या कर्जाची नव्हती.

१९/
दरम्यान मागे राहिलेल्या गावाचे काय झाले? मेलरोजने १९९६-९७ चे अजिंक्यपदही जिंकले. पण पगार देण्याची ऐपत गावाच्या क्लबांकडे नव्हती. स्कॉटिश महासंघाने १९९६ मध्ये चार विभागीय व्यावसायिक संघ काढले, त्यांत एक बॉर्डर्सचा. पैसा पुरेना, म्हणून १९९८ मध्ये चाराचे दोन झाले : बॉर्डर्सचा संघ एडिनबरात विलीन करण्यात आला. शतकभर राष्ट्रीय संघाला खेळाडू पुरवणारा प्रदेश नव्या व्यवस्थेत स्वतःच्या संघाविना उरला.

२०/
२००२ मध्ये बॉर्डर्सचा संघ पुन्हा उभा राहिला, गॅलाशील्सच्या नेदरडेल मैदानावर. न्यूकॅसलहून वेअर आणि आर्मस्ट्राँग घरी परतले. भावनेच्या दृष्टीने ही परतफेड होती. पण लोकसंख्या विरळ, गावांमधील जुनी चुरस तीव्र. हॉइकच्या माणसाने गॅलाशील्सच्या मैदानावर जाऊन आपला म्हणून संघ पाहायचा, हे सोपे नव्हते. वेअरने येथेच कारकीर्द संपवली. २००७ मध्ये कर्जात बुडालेल्या महासंघाने संघ बंद केला. येथे वितळवून चषक करावा अशी शिल्लकही नव्हती.

२१/
वेअरच्या नावावर राष्ट्रीय संघाचे ६१ सामने लागले, १९९० ते २०००. निवृत्तीनंतर तो बॉर्डर्समध्येच शेती आणि व्यवसाय करत राहिला. समारंभांत वक्ता म्हणून त्याला मागणी असे. भडक चौकडीचे टार्टन सूट ही त्याची ओळख झाली. एरवी येथे धागा संपला असता. परंतु डिसेंबर २०१६ मध्ये त्याला मोटर न्यूरॉन आजाराचे निदान झाले. या आजारात स्नायूंना आज्ञा पोहोचवणाऱ्या चेतापेशी क्रमाक्रमाने निकामी होतात. चालणे जाते, बोलणे जाते, गिळणे जाते, शेवटी श्वास. उपचाराने तो बरा होत नाही.

२२/
जून २०१७ मध्ये त्याने हे जाहीर केले. नोव्हेंबरमध्ये 'माय नेमज् डॉडी' ही संस्था उभी राहिली. इंग्रजी नावातील 'एस'च्या जागी त्याच्या जर्सीचा ५ हा अंक. हेतू एकच : संशोधनासाठी निधी आणि रुग्णांना मदत. १८ नोव्हेंबर रोजी न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्याआधी तो आपल्या तीन मुलांसह सामन्याचा चेंडू घेऊन मरेफील्डवर चालत आला. प्रिटोरियातील त्या दोन ट्रायना बावीस वर्षे झाली होती. २०१८ पासून स्कॉटलंड आणि वेल्स 'डॉडी वेअर कप'साठी खेळतात.

२३/
आता एक अवघड प्रश्न. त्याचा आजार रग्बीमुळे झाला का? एका व्यक्तीबाबत असे विधान करता येत नाही, आणि आपण ते करू नये. मात्र ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी ४१२ माजी स्कॉटिश आंतरराष्ट्रीय खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत त्यांच्यात मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांचा धोका सुमारे अडीचपट आढळला, मोटर न्यूरॉन आजाराचा सुमारे पंधरापट. हा आजार दुर्मीळ असल्याने दुसऱ्या आकड्यामागील रुग्णसंख्या लहान आहे. पण हे खेळाडू बहुतांशी हौशी युगातील होते, हे विसरता येत नाही. पगारी युगातील धडकांचा हिशेब अजून यायचा आहे.

२४/
आणि येथे १८९५ ची भेग अनपेक्षितपणे बुजते. लीड्सचा लीग खेळाडू रॉब बरो याला २०१९ मध्ये याच आजाराचे निदान झाले, तेव्हा वेअर त्याला धीर द्यायला गेला. बरोचा सहकारी केव्हिन सिनफील्ड नोव्हेंबर २०२२ मध्ये निधीसाठी सात दिवस धावला : युनियनच्या मरेफील्डपासून लीग विश्वचषकाचा अंतिम सामना होणाऱ्या ओल्ड ट्रॅफर्डपर्यंत. ज्या दोन खेळांनी शतकभर एकमेकांचे खेळाडू वाळीत टाकले, त्यांना एका आजाराने एका रस्त्यावर आणले. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी वेअरचे निधन झाले. वय ५२.

२५/
त्याचा जुना कर्णधार रॉब वेनराइट याने 'डॉडी एड' नावाचा उपक्रम सुरू केला. हजारो सामान्य माणसे थंडीत चालतात, धावतात, सायकल चालवतात आणि आपापल्या विभागासाठी किलोमीटर जमा करतात. हे विभाग म्हणजे जवळपास तेच, जे हौशी काळात एकमेकांशी खेळत. व्यावसायिक व्यवस्थेने परवडत नाही म्हणून पुसलेला 'दक्षिण' विभाग येथे पुन्हा जिवंत झाला आहे.

२६/
तर सुरुवातीच्या प्रश्नाकडे परतू. हौशी युगात गावाला आनंद मिळाला आणि किंमत खेळाडूच्या घराने मोजली. व्यावसायिक युगात खेळाडूला मोबदला मिळाला, तो त्याच्या हक्काचाच होता, आणि किंमत गावाने मोजली. शरीराचे खाते मात्र दोन्ही युगांत उघडेच राहिले. ना महासंघाच्या वहीत त्याची नोंद होती, ना करारात. डॉडी वेअरने शेवटच्या पाच वर्षांत त्या खात्याकडे सर्वांचे लक्ष वेधले. त्याच्या ६१ सामन्यांइतकीच ही कामगिरी इतिहासात नोंदवायला हवी.

(धागा समाप्त. तुमच्या आवडत्या खेळात पगाराची ही रेषा कधी आखली गेली आणि तेव्हा कोणाचे काय गेले, हे शोधून खाली जरूर लिहा.)